घरचे फोटो एकाच ठिकाणी ठेवू नका

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो बांधवांनी धम्मदीक्षा घेतली. आपल्यापैकी अनेकांचे आजी-आजोबा त्या समुदायात होते. पण घरात त्या दिवसाचा त्यांचा फोटो नाही, कारण कॅमेरा आपल्या हाती नव्हता. आज तो घरोघरी मोबाईलमध्ये आहे. नामकरण, मंगल परिणय, चैत्यभूमीची रांग, सारे टिपले जाते. परंतु जपले जाते का?

आमच्या वस्तीतील एका ताईंचा मोबाईल पाण्याच्या पिंपात पडला. त्यांच्या दिवंगत आईचे सगळे फोटो त्यातच होते. ते परत मिळाले नाहीत.

यावर उपाय सोपा आहे. मोबाईलखेरीज आणखी दोन ठिकाणी फोटो ठेवावेत.

नातेवाइकांना द्यायचे असतील तर पेनड्राइव्ह चांगला. एक फोटो ४ एमबीचा धरला तर १६ जीबीमध्ये सुमारे चार हजार फोटो मावतात. मात्र पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिला तर त्यातील माहिती पुसली जाऊ शकते. रस्त्यावर अगदी स्वस्तात मिळणारे मोठ्या क्षमतेचे पेनड्राइव्ह तर बहुधा फसवे असतात.

कायमच्या साठ्यासाठी हार्ड डिस्क घ्यावी. परवडत नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून घ्यावी. ती पडू देऊ नये. अधूनमधून संगणकाला जोडून तपासावी.

जुन्या सीडी-डीव्हीडीवर लग्नाचे फोटो असतील तर आताच उतरवून घ्या. नव्या संगणकांत बहुधा ती लावण्याची सोय नसते.

गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा मोफत मिळते. त्यात ईमेलही मोजले जातात. पासवर्ड घरातील आणखी एकाला माहीत असावा. व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, नाहीतर त्याचा दर्जा घटतो.

२६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईतील कित्येक घरांचे अल्बम भिजून गेले. म्हणून एक प्रत गावी किंवा बहिणीच्या घरी ठेवावी.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर मुलांना जवळ घेऊन बसा. प्रत्येक फोटोला नाव, गाव आणि वर्ष द्या. चार-पाच निवडक फोटो कागदावरही छापून घ्या. आपल्या नातवंडांवर तरी ‘आमच्याकडे फोटो नाही’ असे म्हणण्याची वेळ येऊ नये.

जयभीम!