दोन शाखा, एकच ओळ

बर्नार्ड विड्रो यांच्या शोधनिबंधांची यादी चाळली, तर ती दोन वेगळ्या माणसांची वाटते. एकीकडे अँटेना, हृदयाचे आलेख, संदेशात मिसळणारी खरखर. दुसरीकडे शिकणारी यंत्रं, न्यूरल नेटवर्क, ट्रेलरचा ट्रक मागे घेऊन धक्क्याला लावायला शिकणारा संगणक. नेटानं वाचत गेलं की मात्र थक्क व्हायला होतं. या सगळ्याच्या पोटात एकच समीकरण आहे, आणि तेही जेमतेम एका ओळीचं.

१९५९ साल. विड्रो नुकतेच एमआयटीतून स्टॅनफर्डला आले होते. एका शुक्रवारी दुपारी मार्सियन हॉफ हा त्यांचा विद्यार्थी त्यांच्या खोलीत आला आणि दोघं फळ्यापाशी उभे राहिले. प्रश्न असा होता: यंत्रात अनेक आकडे येतात, प्रत्येकाला एकेका गुणकानं गुणायचं आणि बेरीज करायची. हवं ते उत्तर आणि आलेली बेरीज यांतला फरक म्हणजे चूक. ही चूक सरासरीनं कमीत कमी व्हावी म्हणून गुणक कसे बदलायचे?

सरळ वाट कंटाळवाणी होती. एक गुणक किंचित हलवायचा, भरपूर नमुने तपासून सरासरी चूक मोजायची, मग पुढचा गुणक. गुणक वाढले की मोजमापंही वाढणार. विड्रो आणि हॉफ यांनी सरासरीच सोडून दिली! या क्षणी हातात असलेली एकुलती एक चूक हीच जणू सरासरी, असं धरून त्यांनी गणित मांडलं. उत्तर निघालं ते असं: चूक गुणिले आत आलेला आकडा गुणिले एक लहानसा स्थिरांक, एवढं जुन्या गुणकात मिळवा. झालं.

यातलं एखादं पाऊल चक्क उलट्या दिशेला पडू शकतं. तरीही पावलं पुरेशी लहान ठेवली तर सरासरीनं ती योग्य दिशेलाच जातात. एकेक अंदाज कच्चा, पण सगळ्यांचा मिळून रोख पक्का. मला या कल्पनेइतकी धाडसी कल्पना अभियांत्रिकीत फारशी दिसत नाही. संख्याशास्त्रात रॉबिन्स आणि मन्रो यांनी १९५१ मध्येच या जातीचा विचार मांडला होता हे खरं, पण इथे त्याला हाडामांसाचं यंत्र मिळालं. त्याच दुपारी ॲनालॉग संगणकावर पद्धत चालवून झाली आणि शनिवार-रविवारात सुटे भाग आणून ‘ॲडलाइन’ नावाच्या शिकणाऱ्या यंत्राची पेटी उभी राहिली. तिच्यावर चार बाय चारच्या चौकटीत बटणं होती आणि गुणक बदलायचे ते हातानं खुंट्या फिरवून. १९६० मध्ये शोधनिबंध छापून आला. हॉफ पुढे इंटेलच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या शिल्पकारांपैकी एक झाले.

याच ओळीचा सर्वांत हृद्य उपयोग १९७५ च्या निबंधात आहे. गर्भातल्या बाळाच्या हृदयाचा विद्युत आलेख आईच्या पोटावरून घ्यायचा, तर आईचंच हृदय इतकं जोरात उमटतं की बाळाचे ठोके त्यात बुडून जातात. विड्रो आणि सहकाऱ्यांनी आईच्या छातीवरही संवेदक लावले. तिथे जवळजवळ फक्त आईचे ठोके मिळतात. मग याच ओळीनं आपले गुणक बदलणाऱ्या फिल्टरला काम दिलं: छातीवरच्या संकेतापासून पोटावरच्या संकेताशी जितकं जुळवता येईल तितकं जुळव आणि ते वजा कर. छातीवरून त्याला आईचाच भाग घडवता येतो, कारण बाळाचे ठोके तिथे जवळपास पोचतच नाहीत. वजाबाकीनंतर जी ‘चूक’ उरते, तिच्यात बाळाचे ठोके स्पष्ट उभे राहतात. चूक हेच इथे हवं असलेलं उत्तर!

दुसऱ्या शाखेतही तीच ओळ भेटते. न्यूरल नेटवर्कच्या अनेक थरांतून चूक मागे नेण्याची पद्धत १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या निबंधामुळे सर्वदूर पोचली. आज भाषेची प्रचंड मॉडेलं अब्जावधी गुणक घेऊन शिकतात, तीही सगळा साठा एकदम न तपासता थोड्या थोड्या नमुन्यांवरून. पद्धतीवर कितीही संस्कार झाले, तरी एकेका गुणकाला मिळणाऱ्या धक्क्याच्या मुळाशी तेच आहे: तिथवर पोचलेली चूक गुणिले आत आलेला आकडा.

विड्रो स्वतःही या ओळीचा विचार करायचे थांबले नाहीत. २०१५ मध्ये, पंच्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी सहकाऱ्यांसह याच ओळीला एक अवघड प्रश्न विचारणारा निबंध लिहिला. बरोबर उत्तर सांगणारं बाहेरचं कुणी नसेल, तर मेंदूतली पेशी चूक मोजते तरी कशावरून? त्यांनी सुचवलं की पेशी स्वतःचा समतोल राखू पाहते, आणि त्या समतोलापासून ढळणं हीच तिची चूक असावी.