लॅपटॉप नाही म्हणून हुनर अडत नाही
मोबाईलवरून मायक्रोकंट्रोलर बोर्ड कसा शिकवावा?

आपल्या समाजातील तरुणांचा ओढा मोबाईल दुरुस्तीकडे मोठा आहे. दर्यापूर असो, मूर्तिजापूर असो की अंजनगाव, बाजारातून चालत गेले की थोड्या थोड्या अंतरावर असे दुकान दिसते आणि तेथे बहुधा आपलाच एखादा मुलगा सोल्डरिंग करत बसलेला असतो. हाताला कसब आहे, मेहनतीची तयारी आहे. परंतु दुकाने वाढत गेली तसा प्रत्येकाच्या वाट्याचा धंदा कमी होत गेला. याच हुनराची पुढची पायरी कोणती आणि ती चढायला किती भांडवल लागते, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे.

माझा भाचा याच धंद्यात आहे. इलेक्ट्रॉनिक्स शिकायचे तर लॅपटॉप पाहिजे, असा त्याने घरात हट्ट धरला. हप्त्यांवर मिळत होता. पण त्या हप्त्यांत व्याज होते. बहीण सल्ल्यासाठी माझ्याकडे आली. मी म्हणालो, रोजीची सुरुवात व्याजाच्या पैशाने नको, महिनाभर थांबा. खरे सांगायचे तर मला या विषयातले काहीच कळत नव्हते. मी फक्त वेळ काढत होतो. महिना संपायच्या आत मुलगाच दुकानात येऊन म्हणाला, "मामू, लॅपटॉप राहू द्या. ओटीजी घेऊन द्या." ओटीजी म्हणजे मोबाईलला यूएसबीची वस्तू जोडण्याचा लहानसा तुकडा. शंभर रुपयांच्या आत काम झाले.

बोर्ड म्हणजे काय?

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये बसवलेला छोटा संगणक. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. एकदा शिकवलेले काम तो वीज असेपर्यंत करत राहतो. वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, इलेक्ट्रॉनिक वजनकाटा यांच्या पोटात हाच असतो.

मी कापडवाला, म्हणून कापडाच्या भाषेत सांगतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या मागांवर डॉबी असते. तिच्या फळ्यांवर खुंट्या जशा बसवाव्यात तशी नक्षी कापडावर उतरते. खुंट्या बदला, नक्षी बदलते. माग तोच राहतो. फ्रान्समध्ये जॅकार्डने १८०४ च्या सुमारास हेच काम भोके पाडलेल्या पत्त्यांवर नेले आणि पुढे संगणकवाल्यांनी ती पत्त्यांची युक्ती उचलली. त्याच्याही सहाशे वर्षे आधी, १२०६ साली, दियारबकरच्या दरबारातील अल्-जझरी यांनी आपल्या ग्रंथात खुंट्यांच्या फिरत्या दांड्यावर वाद्ये वाजवणाऱ्या पुतळ्यांचे वर्णन केले आहे. प्रोग्राम म्हणजे ही खुंट्यांची मांडणीच होय. आता ती लाकडावर न करता अक्षरांत लिहितात, एवढाच फरक.

शिकण्यासाठी सर्वांत प्रचलित बोर्ड म्हणजे ऑर्डुइनो. २००५ साली इटलीतील इव्रेआ गावच्या एका संस्थेत विद्यार्थ्यांना स्वस्तात काम करता यावे म्हणून तो निघाला. त्याचा आराखडा सर्वांना खुला असल्यामुळे अनेक कारखाने तसेच बोर्ड बनवतात आणि ते काही शे रुपयांत मिळतात. त्याच्या 'उनो' बोर्डाची स्मरणशक्ती अवघी ३२ किलोबाइट असते. मोबाईलमधील एका छायाचित्रापुढेही ही काहीच नाही. परंतु दिवा, पंखा, भोंगा सांभाळायला ती पुरेशी आहे.

काय लागते, कसे करावे?

चार वस्तू लागतात: अँड्रॉइड मोबाईल किंवा टॅब्लेट, ओटीजी, बोर्डाची यूएसबी केबल आणि एक अ‍ॅप. 'ऑर्डुइनोड्रॉइड' नावाचे अ‍ॅप यासाठी चालते. ते प्रोग्रामचे भाषांतर मोबाईलमध्येच करते, त्यामुळे अ‍ॅप व त्याचे भाग एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही काम होते.

अ‍ॅप उघडून प्रथम बोर्डाचा प्रकार निवडावा. मग तयार उदाहरणांतून दिवा उघडझाप करणारे उदाहरण घ्यावे. 'कंपाइल' दाबले की लिहिलेल्या आज्ञांचे चिपला समजणाऱ्या आकड्यांत रूपांतर होते. नंतर बोर्ड जोडावा. मोबाईल यूएसबीची परवानगी मागतो, ती द्यावी आणि 'अपलोड' दाबावे. थोड्या वेळात बोर्डावरील दिवा लुकलुकू लागतो. आता मोबाईल काढून घेतला तरी चालते. प्रोग्राम बोर्डात राहतो, वीज गेली तरी पुसला जात नाही. बोर्डाला फक्त जुन्या मोबाईलचा चार्जर द्यावा.

येथे नवखा माणूस तीन ठिकाणी अडतो. पहिले, पुष्कळ केबली केवळ चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जात नाही. दुसरे, काही मोबाईलमध्ये ओटीजीचे बटण सेटिंगमध्ये वेगळे असते आणि काही मिनिटे काम नसले की आपोआप बंद होते. तिसरे, स्वस्त 'नॅनो' बोर्डांत जुना बूटलोडर असतो. अ‍ॅपमध्ये तसा पर्याय निवडला नाही तर अपलोड होत नाही. बोर्ड खराब समजून फेकण्यापूर्वी या तीन गोष्टी पाहाव्यात. आयफोनवर मात्र यूएसबीची ही वाट इतकी सरळ नाही.

वाय-फाय असलेले ईएसपी३२ सारखे बोर्डही मिळतात. पहिला प्रोग्राम केबलने घालावा लागतो. त्यात तशी सोय लिहून ठेवली तर पुढचे बदल बिनतारी करता येतात. हे बोर्ड ३.३ व्होल्टवर चालतात. उनोचा ५ व्होल्टचा संकेत त्यांच्या पायांना थेट जोडल्यास चिप जळू शकते.

गोदामातील प्रयोग

दर्यापूर पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येते. काळी जमीन, मुरत न जाणारे पाणी. पावसाळ्यात भिंती ओल धरतात. दर वर्षी माझ्या गोदामातील काही ताग्यांवर बुरशीचे डाग पडत आणि तो माल मला पडत्या भावाने काढावा लागे. भाच्याने डीएचटी११ नावाचा हवेतील दमटपणा मोजणारा स्वस्त सेन्सर, एक लाल दिवा आणि भोंगा बोर्डाला जोडला. आज्ञा साध्या होत्या: दर मिनिटाला दमटपणा मोज, ७० टक्क्यांच्या वर गेला तर भोंगा वाजव, ६५ च्या खाली आला की बंद कर. दोन आकडे का? एकच आकडा ठेवला तर काटा त्याच्या आजूबाजूला हलताना भोंगा सारखा वाजतो आणि थांबतो. मधले अंतर ठेवले की तो त्रास जातो.

या सेन्सरमध्ये ५ टक्के इकडे-तिकडे फरक पडू शकतो, म्हणून त्याची परीक्षा घेतली. साध्या मिठात थोडे पाणी घालून दाट लगदा केला, तो व सेन्सर झाकणबंद डब्यात काही तास ठेवले. अशा डब्यातील दमटपणा सुमारे ७५ टक्के राहतो. आमच्या सेन्सरने ७८ दाखवले. तो फरक भाच्याने प्रोग्राममध्ये वजा केला.

पहिल्याच आठवड्यात माझी एक जुनी समजूत खोटी ठरली. हवा खेळती राहावी म्हणून मी पावसाळ्यात गोदामाच्या खिडक्या दिवसभर उघड्या ठेवत असे. भोंगा नेमका तेव्हाच वाजे. बाहेरची दमट हवा मीच आत घेत होतो! आता पाऊस असताना खिडक्या बंद आणि ऊन पडल्यावर उघड्या, शिवाय मागच्या भिंतीपासून तागे हातभर दूर. त्या पावसाळ्यात डाग पडलेला तागा निघाला नाही. अल्हम्दुलिल्लाह.

काही इशारे

हा सेन्सर हवेचा आहे, कापसाचा नाही. सीसीआय हमीभावाने कापूस घेताना ८ ते १२ टक्के ओलाव्याचा हिशेब लावते. तो मोजायला वेगळे मीटर असते. कुणी हे खेळणे दाखवून शेतकऱ्याच्या कापसाचा भाव पाडू लागला, तर ती फसवणूक आहे. तसेच, २००९ च्या वैधमापनशास्त्र कायद्यानुसार खरेदी-विक्रीत वापरायच्या माप-तोलाच्या साधनांवर सरकारी पडताळणीचा शिक्का लागतो. घरी बनवलेला मीटर-मोजणी यंत्राचा आकडा स्वतःच्या हिशेबासाठी ठीक, गिऱ्हाइकाच्या बिलासाठी नाही. माप-तोलात कमी करणाऱ्यांना इशारा देणारी 'अल्-मुतफ्फिफीन' ही स्वतंत्र सूरहच कुरआनात आहे, हे व्यापाऱ्याने विसरू नये.

दुसरा इशारा विजेचा. बोर्ड ५ व्होल्टचा, विहिरीवरील मोटार थ्री-फेजची. रिले लावून मोटार चालू करण्याचा मोह होतो. परंतु जाणकार वायरमनशिवाय त्याला हात लावू नये. साधी छोटी मोटारही मोबाईलच्या विजेवर चालवू नये, मोबाईलचेच नुकसान होते.

मोबाईलची मर्यादाही सांगितली पाहिजे. लहान पडद्यावर लांब प्रोग्राम लिहिणे कंटाळवाणे होते आणि मोठ्या कामाला शेवटी संगणक लागतोच. पण तोवर मुलाला हे काम आवडते की नाही, जमते की नाही, हे कळून चुकते. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात ऑर्डुइनोचे धडे आहेत, तेही मोबाईलवर पाहता येतात. ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे तेथे असे बोर्ड असतात. पालकांनी जाऊन चौकशी करावी, ते कपाटात कुलूपबंद राहू नयेत.

भाच्याकडे आता जिनिंगवाल्यांची व डाळमिलवाल्यांची लहानसहान कामे येऊ लागली आहेत. त्या कमाईतून तो थोडे थोडे बाजूला टाकतो. लॅपटॉप तो घेईलच, इन्शाअल्लाह, आणि रोख घेईल. ज्या घरांत मुलगा आज हप्त्यांसाठी हट्ट धरून बसला आहे, त्या घरांनी आधी एक ओटीजी आणि एक बोर्ड घेऊन पाहावा, एवढीच विनंती.