गावठी वळूची खूण

रत्नागिरीच्या कातळसड्यावर चरणारी लहान चणीची गाय कालपरवापर्यंत नुसतीच ‘गावठी’ होती. 2018 साली ‘कोकण कपिला’ म्हणून देशी जातींत तिची नोंद झाली. ही जात टिकवायची तर वळू अस्सल हवा. पण जर्सी-होल्स्टीनचं कृत्रिम रेतन गावोगाव पोचलंय आणि दोन-तीन पिढ्यांनंतर नुसत्या रंगा-वशिंडावरून भेसळ कळत नाही.

ती पेशीत कळते. गाईगुरांच्या पेशीत 60 गुणसूत्रं असतात. वळूचं थोडं रक्त घेऊन त्यातल्या पांढऱ्या पेशी शरीराच्या उष्णतेला सुमारे तीन दिवस वाढवतात. कोल्चिसिन घालून त्यांचं विभाजन अर्ध्यावर थांबवतात, काचपट्टीवर थेंब सोडून गिम्सा रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाय गुणसूत्र शोधतात. वशिंडाच्या देशी जनावरात त्याचा गुणसूत्रबिंदू जवळजवळ टोकाला असतो. जर्सीत तो आत सरकलेला असतो, म्हणून दोन भुजा स्पष्ट दिसतात. वाय फक्त बापाकडून येतं. तेव्हा दोन भुजा दिसल्या की बापाच्या बाजूला परदेशी रक्त आहे हे नक्की.

त्याच काचपट्टीवर कधी 60 ऐवजी 59 गुणसूत्रं भरतात. 1 आणि 29 क्रमांकाची गुणसूत्रं एकमेकांना जोडली गेलेली असतात. स्वीडनच्या गुस्ताव्हसन यांनी 1964 मध्ये हा दोष दाखवला. अशा वळूकडून भरवलेल्या गाई जास्त उलटतात.

पण भेसळीचा शोध वायवर संपत नाही: आई संकरित आणि बाप गावठी असेल, तर वाय देशीच दिसणार. मग बाकीची गुणसूत्रं वाचावी लागतात, आणि त्यासाठी कोणतं जनुक कुठे बसलंय याचा नकाशा लागतो. गाईचे पहिले मोठे नकाशे 1994 मध्ये आले, हेरेफर्ड गाईचा पूर्ण जनुकक्रम 2009 मध्ये. दुधातल्या केसिनची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकत्र आहेत. फॅट ठरवणारं एक महत्त्वाचं जनुक चौदाव्यावर आहे, आणि त्याचा फॅट वाढवणारा प्रकार देशी गाईंत जवळजवळ सर्रास आढळतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पशुजैवतंत्रज्ञान संस्थेची 2021 ची ‘इंडिगऊ’ चिप गुणसूत्रांवरच्या अशा 11,496 खुणा एका चाचणीत तपासते. गीर, साहिवालसारख्या नावाजलेल्या जातींइतकेच कोकण कपिलेचेही नमुने अशा तपासणीत यायला हवेत, असं मला कळकळीनं वाटतं. जिथे रेतन अजून पोचलेलं नाही, अशा वाड्यांतले खोंड नांगरासाठी खच्ची करण्याआधी त्यांचं रक्त तपासून घ्यायला हवं.