तेराव्या वर्षापर्यंत तीच शाळा

इंग्लंडमध्ये सरकारी शाळेतले मूल अकराव्या वर्षी प्राथमिक शाळा सोडते आणि हजार-बाराशे मुलांच्या माध्यमिक शाळेत जाते. तिथल्या खासगी शाळांची जुनी रीत वेगळी आहे. मोठ्या शाळेची तयारी करून घेणारी ‘प्रेप स्कूल’ मुलाला सातव्या-आठव्या वर्षी घेते आणि तेराव्या वर्षापर्यंत सांभाळते. शेवटी ‘कॉमन एन्ट्रन्स’ ही परीक्षा होते. ती १९०४ पासून चालत आली आहे. ईटन, हॅरो, विंचेस्टर या शाळांचा मुख्य प्रवेश आजही तेराव्या वर्षीच होतो.

आता बरेच पालक ही शेवटची दोन वर्षे गाळू लागले आहेत. मुलींच्या बहुतेक नामांकित शाळा अकराव्या वर्षीच प्रवेश देतात. मुलांच्या मोठ्या शाळांची चाळणी परीक्षाही हल्ली सहावीच्या सुमारासच होते. त्यात १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागला. खर्चाचा विचार केला तर पालकांचा निर्णय समजण्यासारखा आहे. मुलाच्या वाढीचा विचार केला तर मात्र ही दोन वर्षे सोडू नयेत, असे मला ठामपणे वाटते.

अकरा ते तेरा या वयात काय घडते ते आठवून पाहा. उंची वाढते, आवाज फुटतो, मुलींची पाळी सुरू होते, आरशासमोरचा वेळ वाढतो आणि आईवडिलांशी बोलणे कमी होते. वर्गातल्या मुलांनी आपल्याला काय म्हटले, यावर सगळा दिवस अवलंबून राहतो. नेमक्या याच वेळी शाळाही बदलली, तर आपल्याला ओळखणारे एकही मोठे माणूस त्या मुलाला दिवसभर भेटत नाही. काल सर्वांत मोठ्या वर्गात असलेले मूल आज सर्वांत लहान होते. दर तासाला शिक्षक बदलतात आणि पहिले काही महिने त्यांना त्याचे नावही लक्षात राहत नाही.

हा केवळ अंदाज नाही. रॉबर्टा सिमन्स आणि डेल ब्लिथ या अमेरिकी संशोधकांनी १९७० च्या दशकात मिलवॉकी शहरातल्या मुलांचा काही वर्षे मागोवा घेतला. काही मुले आठवीपर्यंत एकाच शाळेत होती, तर काहींना सातवीत नव्या शाळेत जावे लागले. शाळा बदललेल्या मुलींचा स्वतःवरचा विश्वास घसरला. वयात येणे, शाळा बदलणे आणि मुलांसोबत फिरायला लागणे हे सारे एकाच वेळी वाट्याला आलेल्या मुलींना सर्वांत जास्त सोसावे लागले.

पुढे ग्विडो श्वेर्ट आणि मार्टिन वेस्ट यांनी फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांची तिसरी ते दहावीपर्यंतची कामगिरी तपासली. सहावीत किंवा सातवीत शाळा बदललेल्यांचे गुण त्याच वर्षी एकदम खाली आले आणि दहावीपर्यंत पूर्ण भरून निघाले नाहीत. गैरहजेरीही वाढली. नववीत हायस्कूलला जाणाऱ्यांचे गुणही घसरले, पण ती घसरण लहान होती आणि पुढची वाटचाल तिने बिघडवली नाही. बदल कधीतरी होणारच असतो. तो दोन वर्षे उशिरा झाला तर मुलाला कमी लागतो.

चांगल्या प्रेप स्कूलमध्ये या दोन वर्षांत काय होते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. विज्ञान, लॅटिन, फ्रेंच शिकवायला विषयाचे स्वतंत्र शिक्षक येतात, म्हणजे अभ्यास माध्यमिक शाळेच्या तोडीचा होतो. शाळा मात्र लहानच राहते. बारा-तेरा वर्षांची मुले तिथली सर्वांत मोठी असतात. जेवणाच्या टेबलावर धाकट्यांना वाढणे, पहिल्यांदाच वसतिगृहात आलेल्या मुलाला झोपण्याआधी धीर देणे, संघाचे कप्तानपद ही कामे त्यांच्याकडे येतात. तीच मुले दुसऱ्या शाळेत त्या वयात सर्वांत धाकटी असती. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या किंवा केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या गायकमुलांच्या शाळा याच तेरा वर्षांच्या हद्दीपर्यंत चालतात. तिथे एखाद्या मुलाचा आवाज फुटू लागला, तर त्याला सात-आठ वर्षांचा असल्यापासून ऐकत आलेल्या संगीतशिक्षकाला ते सगळ्यांत आधी कळते. त्या मुलाला कुणासमोर काही समजावून सांगावे लागत नाही.

परीक्षा संपल्यावरचे शेवटचे आठवडेही मोलाचे असतात. अनेक शाळा तेव्हा पुस्तके बाजूला ठेवून मुलांना तंबूत राहायला नेतात, स्वयंपाक आणि प्रथमोपचार शिकवतात.

या शाळांना काळी बाजूही आहे. जॉर्ज ऑर्वेलने ईस्टबोर्नच्या आपल्या प्रेप स्कूलबद्दल लिहिलेला निबंध वाचवत नाही, इतकी क्रूरता त्यात आहे. पण तिथली मोठी जखम आठ वर्षांच्या मुलाला घरापासून तोडण्याची आहे. तेराव्या वर्षापर्यंत ओळखीच्या शाळेत राहण्याशी तिची गल्लत करू नये. घरून ये-जा करणाऱ्या मुलालाही या दोन वर्षांचा पूर्ण लाभ मिळतो.

इंग्लंडच्या सरकारनेही याचा एकदा विचार केला होता. १९६७ च्या प्लाउडेन अहवालाने बदलाचे वय बारापर्यंत नेण्याची शिफारस केली. बाराव्या किंवा तेराव्या वर्षापर्यंतच्या ‘मिडल स्कूल’ उभ्या राहिल्या आणि पुढे बहुतेक ठिकाणी बंदही झाल्या. ती संधी गेली, याचे वाईट वाटते.

आपल्याकडे हा प्रश्न श्रीमंतांच्या शाळांचा नाही. एकेकाळी मराठी शाळा सातवीपर्यंत असे. सातवीची ‘व्हर्नाक्युलर फायनल’ परीक्षा पास झालेली मुले थेट शिक्षक होऊ शकत. २०१० मध्ये लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानेही पहिली ते आठवी हे सलग प्राथमिक शिक्षण मानले आहे. तरीही महाराष्ट्रात चौथी झाली की पालक दाखला काढतात आणि पाचवीला हायस्कूलमध्ये नाव घालतात. कारण साधे आहे: आठवीला तिथे जागा उरणार नाही, अशी भीती असते. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेचे वरचे वर्ग ओस पडतात आणि दहा वर्षांची मुलगी एसटीने दुसऱ्या गावी जाऊ लागते.

गावातली शाळा सातवी-आठवीपर्यंत असेल आणि शिक्षक मनापासून शिकवत असतील, तर पालकांनी मुलाला तिथेच ठेवावे. हायस्कूल चालवणाऱ्या संस्थांनी आठवीला बाहेरून येणाऱ्यांसाठी एक तुकडी राखून ठेवावी आणि तसे पाचवीच्या प्रवेशाच्या वेळीच जाहीर करावे.