कुत्र्याचे औषध मांजराला लावू नका

पावसाळ्यात वस्तीतल्या कुत्र्या-मांजरांच्या अंगावर पिसवा आणि गोचीड वाढतात. आपण दुकानातून एक बाटली आणतो आणि घरातल्या दोन्ही प्राण्यांना तीच लावतो. घात होतो तो इथेच.

कुत्र्यांच्या अनेक औषधांत परमेथ्रीन असते. कुत्र्याचे शरीर ते लवकर निकामी करते. मांजराच्या यकृतात ती ताकद फार कमी असते. म्हणून कुत्र्याला सोसणारे थेंब मांजराचा जीव घेऊ शकतात. औषध ओले असताना मांजराने कुत्र्याला चाटले किंवा बिलगून झोपले, तरी बाधा होते.

गाई-म्हशींचे गोचिडाचे औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला चोळणेही धोक्याचे आहे. पिल्लांना तर ते मुळीच लावू नये.

लाळ गळणे, कान आणि अंग थरथरणे, तोल जाणे, झटके येणे ही विषबाधेची लक्षणे. ती बहुधा काही तासांत दिसतात, कधी दुसऱ्या दिवशीही.

अशा वेळी हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाने अंग धुवा. कोरडे पुसून उबेत ठेवा, अंग चाटू देऊ नका. उलटी करवू नका; दूध-तेल पाजू नका. बाटली सोबत घेऊन लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. झटके येत असतील तर धुण्यात वेळ घालवू नका.

औषध घेताना कोणत्या प्राण्याचे, किती वजनाला, किती वयाला हे वाचून घ्या. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. मुकं जनावर आपला त्रास सांगू शकत नाही, लक्ष आपणच ठेवायचे.