सीएनजीच्या टाकीत सूत्रापेक्षा जास्त गॅस मावतो, हायड्रोजन मात्र कमी. असं का होतं?

पंपावर कारमध्ये सीएनजी साधारण २०० बार दाबाने भरला जातो. ६० लिटरच्या टाकीत या दाबाला किती गॅस मावेल? कॉलेजमध्ये शिकलेलं 'पीव्ही = एनआरटी' हे सूत्र लावलं, तर २७ अंश सेल्सिअसला शुद्ध मिथेनसाठी उत्तर येतं सुमारे ७.७ किलो. प्रत्यक्षात मावतो ९ किलोच्या आसपास. एक किलोहून जास्त असलेला हा फरक येतो कुठून?

सूत्र कुठे चुकतं?
हे सूत्र 'आदर्श वायू'चं आहे. त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. रेणूंना स्वतःचं आकारमान नसतं आणि ते एकमेकांना ओढत नाहीत. दाब कमी असेल तर रेणू दूर दूर असतात, त्यामुळे हे चालून जातं. दाब वाढला, तापमान उतरलं की रेणू जवळ येतात आणि दोन्ही गृहीतकं कोलमडतात.

हे पहिल्यांदा नीट मांडलं ते डच शास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्स यांनी, १८७३ च्या प्रबंधात. सूत्रात त्यांनी आकर्षण आणि आकारमान अशा दोन दुरुस्त्या केल्या. १९१० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मिथेन आणि हायड्रोजनमध्ये फरक काय?
२०० बारला मिथेनच्या रेणूंमधलं आकर्षण वरचढ ठरतं. रेणू एकमेकांना धरून ठेवतात, भिंतीवरचा दाब कमी पडतो. म्हणून त्याच दाबाला जास्त गॅस बसतो.

हायड्रोजनमध्ये आकर्षण फारच क्षीण असतं. त्याच्या कारची टाकी ७०० बारला भरतात. इतक्या दाबाला रेणूंचं आकारमानच आड येतं. १५ अंशाला सूत्र सांगतं लिटरमागे ५९ ग्रॅम, मावतो फक्त ४० ग्रॅम. म्हणजे जवळपास एक तृतीयांश कमी. हायड्रोजनच्या गाड्यांना मोठ्या आणि महाग टाक्या लागतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

तुमच्या बिलावर परिणाम होतो का?
नाही. पंपावरचं मीटर दाब नाही, गॅसचं वस्तुमान मोजतं आणि पैसे किलोवर लागतात. मात्र भरताना गॅस तापतो. गरम गॅस कमी वस्तुमानातच २०० बार गाठतो. त्यामुळे भर उन्हात 'फुल्ल' केलेली टाकी थंड झाल्यावर काटा थोडा खाली दिसला, तर लगेच गळतीच असेल असं नाही. वास येत असेल तर मात्र तपासणी टाळू नका.