घाटाच्या पायऱ्या आधी मोजा!

नदीवरच्या जलसफरीची जाहिरात पाहिली, की डोळ्यांपुढे उभी राहते ती पांढरीशुभ्र बोट, वरच्या डेकवरच्या वेताच्या खुर्च्या आणि मावळता सूर्य. जाहिरातीत कधीच न दिसणारी वस्तू म्हणजे बोट आणि काठ यांच्यामध्ये टाकलेली फळी. दीड-दोन फूट रुंद, पाय ठेवताच लवणारी, कधी चढती तर कधी उतरती. छोट्या बोटीची सगळी सहल या फळीवर तोललेली असते, हे मला उमगले ते हुगळी नदीवर, ७६ वर्षांच्या आईचा हात धरून त्या फळीपाशी उभा राहिलो तेव्हा.

कोलकात्याहून निघून भागीरथीने वर मुर्शिदाबाद आणि पुढे फराक्का, असा आमचा आठवडाभराचा कार्यक्रम होता. बोट वीस-बावीस खोल्यांची. इथे बोट लहानच हवी, याचे कारण नदीतच आहे. गंगेचा मुख्य प्रवाह पद्मा होऊन बांगलादेशात जातो. भागीरथीच्या वाट्याला येणारे पाणी १९७५ साली सुरू झालेल्या फराक्का बंधाऱ्यावरून, सुमारे ३८ किलोमीटरच्या कालव्यातून सोडले जाते. पात्रात गाळ आणि वाळूचे दांडे. त्यामुळे बोटीचा तळ उथळ ठेवावा लागतो. आणि बोट लहान म्हणूनच ती गावोगावी थांबू शकते. मात्र त्या गावांना धक्का नसतो. कुठे बोट थेट मातीच्या काठाला टेकवायची, कुठे मध्येच नांगर टाकून माणसांना होडीने घाटावर न्यायचे. छोट्या बोटीचे सुख आणि तिची अडचण, दोन्ही एकाच कारणातून येतात.

ही सहल आईने निवडली होती ती एका गावासाठी. तीस वर्षे शाळेत मराठी शिकवलेली ती बाई. कोलकात्याच्या थोडे वर, नदीच्या पश्चिम तीरावर श्रीरामपूर आहे. १७५५ ते १८४५ या काळात ते डेन्मार्ककरांच्या ताब्यात होते. तिथल्या मिशनच्या छापखान्याशी विल्यम केरी यांचे नाव जोडलेले आहे. त्यांनी मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली प्रसिद्ध केले आणि १८१० साली मोडी खिळे वापरून मराठी-इंग्रजी कोश काढला. वैजनाथ शर्मा या पंडितांचे त्यांना साहाय्य होते. मराठी छपाईची पहिली पावले पुण्या-मुंबईत नव्हे, तर बंगालमध्ये नदीकाठी पडली, हे आई प्रत्येक वर्गाला सांगत आली. ते गाव तिने पाहिलेले नव्हते.

बोट तिथे पोहोचली तेव्हा ओहोटी होती. वरच्या पायऱ्या कोरड्या, पण होडी लागली ती खालच्या पायऱ्यांना. त्यांच्यावर गाळ आणि हिरवे शेवाळ. कठडा नाही. दोघे खलाशी हात द्यायला उभे होते, तरीही आईने एकदा खाली पाहिले आणि म्हणाली, "तू जाऊन ये. मला नंतर सांग." मी गेलो. कॉलेज पाहिले, फोटो काढले. परत आलो तेव्हा ती डेकवर बसून त्याच घाटाकडे पाहत होती. तोवर भरती लागून पाणी बरेच वर चढले होते!

कंपनीने कार्यक्रमपत्रिका महिनाभर आधी सुबक छापून पाठवली होती. तीत "सकाळी नऊ वाजता घाटावर उतरणे" असे लिहिले होते. भरती-ओहोटीचा उल्लेख कुठेही नव्हता. समुद्राची भरती या नदीत पार नवद्वीपच्या आसपासपर्यंत जाणवते आणि तिची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे श्रीरामपूर, चंदननगर, बंडेल, कालना या ठिकाणी कधी उतरायचे हे घड्याळाने नव्हे, तर तिथीने ठरते. कोकणातल्या तरीवर वाढलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. आमच्यासारख्या पुणेकरांनी मात्र आरक्षण करतानाच विचारायला हवे: त्या तारखेला त्या वेळी पाणी कुठे असेल? घाटाला किती पायऱ्या? कठडा आहे का? होडीत चढताना आधार काय? घाटावरून पुढे टोटो, म्हणजे विजेवर चालणारी रिक्षा, मिळते का?

हे प्रश्न किरकिरे वाटतात. सहलीचे पैसे बहुधा मुले भरतात, कार्यक्रम मुलेच ठरवतात आणि पायऱ्या उतरायच्या असतात आई-वडिलांना. म्हणून प्रत्येक ठिकाणापुढे तीन रकाने आखावेत: चालणे किती, चढ-उतार किती, स्वच्छतागृह कुठे. शेवटचा रकाना लिहायला संकोच वाटतो, पण तो मोकळा राहिला तर म्हातारी माणसे सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी त्यांना चक्कर येते.

कालना या हिशेबात उत्तम. १८०९ साली बांधलेली १०८ शिवमंदिरे तिथे दोन वर्तुळांत आहेत, बाहेर ७४ आणि आत ३४. सारे सपाटीवर आणि सावकाश फिरण्याजोगे. मुर्शिदाबादच्या हजारदुआरी राजवाड्यातले संग्रहालय शुक्रवारी बंद असते. बोट नेमकी शुक्रवारी तिथे पोहोचणार असेल, तर हा १८३७ साली पूर्ण झालेला वाडा बाहेरूनच पाहून परतावे लागते. बडानगरला राणी भवानीच्या काळातली भाजक्या मातीच्या नक्षीची देवळे आहेत. आपल्या अहिल्याबाईंच्याच शतकातली ही राणी. देवळे अशी, की एकेका भिंतीपुढे तासभर उभे राहावे. अशी ठिकाणे दिवसाला एक पुरे. दोन केली की दोन्ही अर्धवट होतात. शिवाय डिसेंबर-जानेवारीत दाट धुके पडते आणि ते निवळेपर्यंत बोट हलत नाही. कार्यक्रमात एक सकाळ मोकळी नसेल, तर धुके ती एखाद्या देवळाच्या वाट्याची काढून घेते.

आता बोटीवरच्या सुखसोयी. माणसे चौकशी करतात ती खोलीच्या आकाराची. विचारायचे ते असे, की खोली इंजिनापासून आणि जनरेटरपासून किती लांब आहे? रात्री बोट थांबते, जनरेटर नव्हे. जेवणघर आणि खोली एकाच मजल्यावर आहे का? नाहीतर गुडघे दिवसातून सहा वेळा जिना चढतात. न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, उंबरा किती उंच, रात्री जाग आल्यावर दिव्याचे बटण हाताशी लागते का? दिवाळीच्या सुमारास नदीकाठी दिव्यांवर हिरव्या किड्यांचे थवे येतात. डेकवर त्या दिवसांत दिवे मंद ठेवणारी बोट शहाणी समजावी. जेवणात मोहरीचे तेल आणि मासे असणारच आणि ते खावेतही. पण पहिल्याच दिवशी आचाऱ्याला भेटून साधा वरणभात सांगून ठेवला, तर पुढचे पाच दिवस पोट कुरकुरत नाही. औषधे बॅगेत न ठेवता अंगावरच्या पिशवीत असावीत आणि दर मुक्कामी जवळचे मोठे रुग्णालय कुठे, हे व्यवस्थापकाला तोंडपाठ असावे. ते त्याला सांगता आले नाही, तर बाकीच्या चकचकाटाला अर्थ नाही.

आणि जी माणसे उतरत नाहीत, त्यांचे काय? आमच्या बोटीवर रोज तीन-चार वृद्ध मंडळी मागे राहत. त्यांच्यासाठी काहीच योजलेले नव्हते. तिसऱ्या दिवशी आईने तरुण बंगाली वाटाड्याला सांगितले, "तू आम्हाला इथेच बसून नदी सांग." मग तो चहाच्या वेळी डेकवर येऊ लागला. शुशुक म्हणजे गंगेतला डॉल्फिन. २००९ मध्ये तो राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर झाला. त्याला जवळजवळ दिसत नाही, श्वासासाठी मात्र वर यावेच लागते. तो कुठे वर येईल, ते हा मुलगा दाखवी.

काटव्यापाशी, जिथे अजय नदी भागीरथीला मिळते, तो जरा गप्प झाला. आई म्हणाली, "सांग ना." तो म्हणाला, "मासीमा, तुम्ही महाराष्ट्रातल्या, म्हणून संकोच वाटतो." मग त्याने सांगितले. बंगालमध्ये लहान मुलांना झोपवताना अजून 'बर्गी' येतील अशी भीती घालणारे गाणे म्हणतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर, नागपूरकर भोसल्यांचे घोडदळ. १७४२ साली भास्करराम कोल्हटकरांचा तळ याच काटव्याला होता. कोलकातेकरांनी त्या धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याला नाव पडले 'मराठा डिच'. १७४४ साली नवाब अलिवर्दीखानाने भास्कररामांना भेटीला बोलावून दगा दिला आणि ठार केले. १७५१च्या तहापर्यंत स्वाऱ्या चालूच होत्या.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आम्ही शाळेत दगा शिकवला. गाणे शिकवले नाही." वाटाड्याने मान खाली घातली आणि तिच्या कपात आणखी चहा ओतला. काटवा आमच्या पत्रिकेत नव्हते, तिथे कुणी उतरलेही नाही. पण संपूर्ण सफरीतली सर्वांत मोलाची 'काठावरची भेट' हीच, आणि ती खुर्चीत बसून झाली. असा एक माणूस मागे राहणाऱ्यांसाठी बोटीवर ठेवायला कंपनीला कितीसा खर्च येतो?

फराक्क्याहून रेल्वेने कोलकात्याला परतलो. विमानाला एक दिवस होता. मी मोटार ठरवली आणि आईला सरळ रस्त्याने श्रीरामपूरला नेले. दीड-दोन तासांचे काम. कॉलेजच्या उंच खांबांसमोर ती उभी राहिली, मग हळूहळू नदीकडे वळली. घाटाच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसली. भरती होती. खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या आणि पाणी तिच्या पावलांपासून चार पायऱ्यांवर आले होते.

"त्या दिवशी दोन तास थांबलो असतो, तर होडीतून इथेच उतरले असते," ती म्हणाली. तक्रार नव्हती. बाई वर्गात चूक दाखवतात, तशी तिने ती दाखवली. आणि चूक नदीची नव्हती.